आधी दप्तर, मग सभा: सोसायटीत आपला हक्क कसा मागावा

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीनं टँकरच्या ६४ फेऱ्यांचे पैसे दिले. वॉचमनच्या वहीत नोंदी होत्या ५१. संभाजीनगरात बीड बायपासच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, उन्हाळ्यात मेंटेनन्सचा मोठा घास टँकरच खातो. १३ फेऱ्यांचा फरक दिसला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्रीत सेक्रेटरींना चोर ठरवून झालं. त्यात मीही होतो, कबूल करतो. दोन महिने लोक जिन्यात एकमेकांची नजर चुकवत होते. शेवटी तळमजल्यावरच्या एका निवृत्त तलाठी काकांनी ठेकेदाराकडून पावत्या मागवल्या आणि वहीशी एकेक तारीख लावून पाहिली. नऊ फेऱ्या वॉचमन जेवायला गेल्यावर आलेल्या होत्या. चार शेजारच्या इमारतीच्या, चुकून आमच्या खात्यावर मांडलेल्या. सेक्रेटरींनी एक पैसा खाल्लेला नव्हता. बिल आणि वही शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं, एवढंच.

"कामून एवढा बोभाटा केला रे?" काका म्हणाले. "आधी कागद मागितला असता तर दोन तासांत मिटलं असतं."

पुढं दोन वर्षं सेक्रेटरीची माळ माझ्याच गळ्यात पडली, त्यामुळं आता दोन्ही बाजू पाहून झाल्यात. माझं मत असं झालंय की सोसायटीतली बहुतेक भांडणं माणसांची नसतात, न दाखवलेल्या कागदांची असतात. म्हणून पुढचा क्रमही तसाच लावलाय. मधली पायरी गाळून थेट उपनिबंधकांच्या, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात धावलात, तर तिथला बाबू तुम्हाला पहिल्या पायरीवर परत पाठवणार, हे धरून चला.

आपली इमारत कायद्याच्या कोणत्या घरात राहते?

हा प्रश्न विचारला की लोक हसतात. पण मराठवाड्यात निम्मा गोंधळ इथंच असतो, कारण सगळ्यांनाच आपण सरसकट 'सोसायटी' म्हणतो.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्याची कलमं १५४ब या आकड्यानं सुरू होतात. अशा संस्थेकडं नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि तुमच्याकडं शेअर सर्टिफिकेट म्हणजे भागपत्र असायला हवं.

दुसरा प्रकार अपार्टमेंटचा. इथं कायदा १९७० चा, महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम. बिल्डरनं दुय्यम निबंधकाकडं, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात, घोषणापत्र नोंदवलेलं असतं आणि तुमच्या नावे 'डीड ऑफ अपार्टमेंट' झालेलं असतं. भागपत्र नसतं. जमिनीतला आणि सामाईक जागेतला तुमचा हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि सामाईक खर्च त्या टक्क्यांनुसार वाटायचा असतो. सोसायटीत मात्र सेवाशुल्क दर फ्लॅटला सारखं असतं, मग तो वन बीएचके असो की थ्री. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत दोन वेगळे नियम बरोबर असू शकतात, ते यामुळं. शेजारच्या इमारतीचं उदाहरण देऊन सभेत भांडण्याआधी एवढं पाहून घ्या. घोषणापत्राला उपविधी, म्हणजे कारभाराचे अंतर्गत नियम, जोडलेले असतात आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल काढता येते. ती द्यायला असोसिएशनच्या अध्यक्षांची मर्जी लागत नाही.

तिसरा प्रकार रो-हाऊस आणि प्लॉटिंगच्या कॉलन्यांचा. तिथं बऱ्याचदा कृती समिती किंवा मित्रमंडळ असतं आणि गणपतीची वर्गणी आणि गेटचा खर्च एकाच वहीत असतो. अशा मंडळाला वसुलीचा कायदेशीर अधिकार नसतो, तसा तुम्हालाही त्याच्याकडून कायद्यानं हिशेब मागणं अवघड जातं. ओपन स्पेस, पाण्याची टाकी असं काही सामाईक सांभाळायचं असेल, तर आधी रीतसर संस्था नोंदवून घ्या.

संस्थाच झालेली नसेल तर? बिल्डर "करू की पुढच्या महिन्यात" म्हणत वर्षं काढतो. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागू असलेल्या प्रकल्पात निम्म्याहून अधिक सदनिकांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत संस्था उभी करणं ही त्याची जबाबदारी आहे. त्यानं टाळलं, तर घरमालकांना स्वतः पुढं होऊन, बिल्डरच्या सहीशिवाय नोंदणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी किमान पाच सदनिकाधारक किंवा एकूण सदनिकांपैकी ५१ टक्के, यांत जो आकडा मोठा असेल तेवढे लोक लागतात.

इथून पुढं लिहिलंय ते मुख्यतः सहकारी सोसायटीबद्दल.

सभासद झालात का?

खरेदीखत झालं, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) हातात आला, वास्तुशांत झाली. म्हणून तुम्ही सभासद होत नाही. सोसायटीकडं अर्ज करून, प्रवेश शुल्क भरून, सभासद नोंदवहीत नाव चढवून घ्यावं लागतं. पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये हे हमखास राहून जातं आणि दहा वर्षांनी निवडणुकीच्या यादीत नाव नाही म्हणून ओरड होते.

हस्तांतरण अधिमूल्याच्या, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना घ्यायच्या ट्रान्सफर फीच्या, नावाखाली लाखभर मागणारे महाभाग आपल्याकडंही आहेत. शासनाच्या २००१ च्या आदेशानं कमाल मर्यादा घातलेली आहे. महापालिका हद्दीत २५,००० रुपये, म्हणजे संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी आणि आता जालना. नगरपालिकांत वर्गाप्रमाणे १०,००० ते २०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. घरातल्या घरात, वडिलांकडून मुलाकडं वगैरे, हस्तांतरण झालं तर अधिमूल्य लागत नाही. "विकास निधीला स्वखुशीनं द्या" असं कुणी म्हणालं तर त्या खुशीची लेखी पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो. आदर्श उपविधींप्रमाणे (शासनानं सोसायट्यांना दिलेला उपविधींचा नमुना) फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसीही लागत नाही. बँक मागते ती गोष्ट वेगळी.

मराठवाड्यात एक गोष्ट फार दिसते. फ्लॅट मुलाच्या नावावर, मुलगा पुण्यात नोकरीला, राहतात आईवडील. किंवा मालक गावाकडं शेतात आणि फ्लॅट घेतलाय लेकरांच्या शिकवणीसाठी. सभेला कोण जाणार? मुलानं लेखी शिफारस आणि संमती देऊन आई किंवा वडिलांना सहयोगी सभासद करून घ्यावं. नवरा, बायको, भाऊ, बहीण, सून, जावई हेही त्यात बसतात. म्हणजे सभेत बोलायला, मत द्यायला माणूस राहतो. हा अर्ज पाच मिनिटांचा आहे आणि शेकडा नव्वद घरांनी केलेला नसतो (हा माझा अंदाज, सर्वेक्षण नव्हे).

नामनिर्देशनही, म्हणजे नॉमिनेशन, आत्ताच भरून टाका. मात्र वारसदार आणि नामनिर्देशित एकच नव्हे. सभासद वारल्यावर नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सभासद होते. मालकी कुणाची, ते वारसा हक्कानं ठरतं. यावरून भावाभावांत तुटलेली घरं मी पाहिलीत.

भांडायचंय? मग आधी बिल भरा

हे वाक्य कुणालाच आवडत नाही. पण बिल थकवून केलेली लढाई तुम्ही सुरू होण्याआधीच हरता. तीन महिने रक्कम दिली नाही की तुम्ही थकबाकीदार ठरता, समितीची निवडणूक लढवता येत नाही आणि सभेत तुमच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, "आधी बाकी भरा." वर सरळव्याज चढतं, आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे. शिवाय कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला आणून सोसायटी जप्तीपर्यंत जाऊ शकते.

म्हणून पैसे भरा, ऑनलाइन किंवा चेकनं भरा, आणि सोबत दोन ओळींचं पत्र द्या: "अमुक रकमेबाबत माझी हरकत कायम ठेवून, निषेध नोंदवून ही रक्कम भरत आहे." पत्राची पोच घ्या.

उलट बाजूनंही लक्षात ठेवा. थकबाकीसाठी कायद्यानं वसुलीचा रस्ता दिलेला आहे, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणं हा तो रस्ता नव्हे. कमिटीनं तसं केलं तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

बिलातल्या ओळी

ज्या बिलावर 'मेंटेनन्स २,००० रु.' एवढंच लिहिलेलं असतं, ते बिलच नव्हे. मालमत्ता कर, पाणी, सेवाशुल्क, लिफ्ट, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायचा निधी), पार्किंग हे वेगवेगळं दिसलं पाहिजे, कारण प्रत्येकाची वाटणी वेगळ्या मापानं होते.

आकडेमोड करूनच पाहू. समजा तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च, जमीन सोडून, वास्तुविशारदाच्या दाखल्यानुसार १२ लाख आहे. सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, म्हणजे वर्षाला ३,००० आणि महिन्याला २५०. दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, वर्षाला ९,०००, महिन्याला ७५०. खरेदीची किंमत ४० लाख असली तरी हिशेब १२ लाखांवरच. ही चूक मी तीन सोसायट्यांच्या बिलांत पाहिली.

फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क ९०० असेल तर ९० रुपये. लातूर-नांदेडात शिकवणीच्या पोरांना घर दिलं म्हणून महिना ५००-१,००० लावणाऱ्या सोसायट्या आहेत. ती वसुली नियमात बसत नाही. भाड्यानं द्यायला परवानगीही लागत नाही, आगाऊ कळवावं लागतं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मात्र न चुकता द्या.

पार्किंगबद्दल एकच: बिल्डरला उघडी किंवा स्टिल्टची (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. जागावाटप सोसायटीची सर्वसाधारण सभा ठरवते.

दप्तर मागण्याची रीत

कलम १५४ब-८ प्रमाणे सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभेची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. ठरलेलं शुल्क भरल्यावर ४५ दिवसांत नकला मिळायला हव्यात.

हक्क आहे म्हणून "गेल्या दहा वर्षांचे सगळे कागद द्या" असा अर्ज करू नका. सेक्रेटरी असताना माझ्याकडं असा एक अर्ज आला होता. पगार नाही, पंखा नाही, मीटर रूममधल्या कपाटात बुरशी लागलेल्या फायली. मी तो अर्ज उशाखाली ठेवून महिनाभर झोपलो, खोटं कशाला बोलू? नेमकं मागितलेलं नाकारणं मात्र जड जातं. असा अर्ज करा:

"प्रति, सचिव, (संस्थेचं नाव व नोंदणी क्रमांक). विषय: कलम १५४ब-८ अन्वये कागदपत्रांच्या नकला मिळण्याबाबत. मी सदनिका क्रमांक __ चा/ची सभासद आहे. मला पुढील कागदांच्या नकला हव्या आहेत: (१) मागील आर्थिक वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल व त्यावरील दोषदुरुस्ती अहवाल, (२) मागील वार्षिक सभेचं इतिवृत्त, (३) एप्रिल ते जून या काळातील समिती सभांची इतिवृत्तं, (४) माझ्या खात्याचा उतारा. शुल्काची रक्कम कळवावी, मी लगेच भरतो/भरते. मूळ नोंदी पाहण्यासाठी सोयीची वेळ द्यावी."

यातला दोषदुरुस्ती अहवाल महत्त्वाचा. लेखापरीक्षकानं काढलेल्या चुकांवर समितीनं काय केलं, ते त्यात असतं. पुष्कळ सोसायट्यांत तो तयारच झालेला नसतो आणि तेवढ्या एका रिकाम्या जागेवरून कारभाराचा अंदाज येतो.

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या. सही टाळली तर स्पीड पोस्ट आणि त्याच दिवशी ईमेल. व्हॉट्सॲपवर मागितलेला कागद म्हणजे वाऱ्यावरची वरात. सिद्ध करताना घाम फुटतो.

टँकरची बिलं, दुरुस्तीच्या निविदा असे तपशील त्या यादीत थेट नाहीत. त्यासाठी वार्षिक सभेच्या आधी लेखी प्रश्न द्या, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येतं.

४५ दिवस उलटले, उत्तर नाही. मग सहायक किंवा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करा आणि सोबत पोच जोडा. कलम ७९ खाली ते सोसायटीला निर्देश देऊ शकतात. त्यांच्या वर जिल्हा उपनिबंधक आणि विभागीय सहनिबंधक. आपल्याकडं विभागीय कार्यालयं संभाजीनगर आणि लातूरला आहेत.

आणखी एक पळवाट... पळवाट नव्हे, सरळ वाट आहे, लोक वापरत नाहीत एवढंच. सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं. निबंधक कार्यालय मात्र येतं. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत सोसायटीनं वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित हिशेब, सभेची तारीख अशी विवरणपत्रं तिथं भरायची असतात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्यांच्या नकला निबंधक कार्यालयाकडं मागा. ३० दिवसांत एक तर नकला मिळतील, नाही तर "सदर संस्थेनं विवरणपत्र सादर केलेलं नाही" असं उत्तर मिळेल. दुसरं उत्तर जास्त कामाचं.

३० सप्टेंबरच्या आतली सभा

सुधारणा करायची जागा ही. कॅलेंडरवर खुणा करा: ३१ मार्चला वर्ष संपतं, १५ मेपर्यंत हिशेब तयार, ३१ जुलैपर्यंत शासनाच्या नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकाकडून ऑडिट आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा. नोटीस पूर्ण १४ दिवसांची. विषय सुचवायचा असेल तर नोटिशीची वाट पाहू नका, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच लेखी द्या. "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय" या खात्यात टाकलेला विषय रात्री दहाला, निम्मे लोक उठून गेल्यावर येतो.

गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला लहान आकडा. आमच्या २८ फ्लॅटमध्ये तो १९ येतो. लोक जमत नाहीत, सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग सात जण २८ घरांचं ठरवतात. तेही कायद्यात बसतं. म्हणून खरी मेहनत सभेच्या आदल्या आठवड्यात, दारोदार. आम्ही सभा रविवारी सकाळी साडेनऊला ठेवायला लागलो, सोबत पोहे. हजेरी ११ वरून २२ वर गेली. पोह्यांचा खर्चही ताळेबंदात दाखवला, त्यावरही एका सभासदानं प्रश्न विचारला, आणि बरोबर विचारला.

समिती सभाच घेत नसेल, तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागा. २८ घरांत सहा सह्या. समितीनं महिन्याभरात ती बोलवायची असते. नाही बोलावली तर निबंधक बोलावू शकतात. सावध रहा: सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला गणपूर्ती झाली नाही तर ती तहकूब होत नाही, रद्द होते. सह्या करणाऱ्यांनी तरी त्या दिवशी लग्नाला जाऊ नये. तेवढ्याच, म्हणजे एक पंचमांश, सभासदांच्या अर्जावर निबंधक कलम ८३ खाली कारभाराची चौकशीही लावू शकतात. पण हे हत्यार जपून वापरा. चौकशी लांबते आणि तोवर इमारतीत कुणी कुणाशी बोलत नाही.

सभेत "पारदर्शक कारभार हवा" असं भाषण करू नका. ठराव मांडा, सूचक-अनुमोदकासह, लिहून. आमच्याकडं टिकलेले ठराव असे:

समितीनं दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जमा-खर्चाचं एक पान नोटीस बोर्डावर लावावं. एकच पान. सात पानांचं पत्रक कुणी वाचत नाही.

ठरावीक रकमेवरच्या कामाला तीन दरपत्रकं घ्यावीत. आदर्श उपविधींत दुरुस्तीच्या खर्चासाठी समितीला मर्यादा आहेच: २५ सभासदांपर्यंत २५,०००, २६ ते ५० पर्यंत ५०,००० आणि त्यापुढं एक लाख. त्यावरचा खर्च सर्वसाधारण सभेतून. बोअरची मोटर जळाली की हा नियम अडचणीचा वाटतो, म्हणून तातडीच्या कामासाठी किती रक्कम चालेल तेही आधीच ठरवून ठेवा.

सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा सर्वांना पाठवावा आणि हरकती लेखी घ्याव्यात. नियमात यासाठी मुदत आहेच, आम्ही ती स्वतःहून १५ दिवसांवर आणली. तुम्ही विरोधात मत दिलं असेल तर मसुद्यात ते आलंय का, ते पहा. नसेल तर लगेच कळवा. नंतर "सर्वानुमते मंजूर" या दोन शब्दांशी झगडत बसावं लागतं.

सिंकिंग फंड वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावा. मराठवाड्यात यावर जरा जास्त बोलायला हवं. मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्था) आणि पतसंस्थांत दोन टक्के जास्त व्याजाच्या आशेनं ठेवलेले पैसे अडकून बसलेली घरं आता प्रत्येक गल्लीत आहेत. स्वतःच्या पैशाचा निर्णय ज्याचा त्याचा. सोसायटीचा निधी मात्र कलम ७० मध्ये सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवता येतो. ठेवीच्या पावतीची झेरॉक्स दरवर्षी सभेत फिरवा.

उपविधीच बदलायचे असतील, तर हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बहुमत लागतं. ठरावानंतर दोन महिन्यांत निबंधकांकडं प्रस्ताव जातो आणि त्यांनी नोंदणी केल्यावरच बदल लागू होतो. तोवर जुनाच नियम.

पाण्याचा हिशेब

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. जायकवाडी भरलेलं असतानाही संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्यामुळं आपल्या सोसायट्यांत लिफ्टपेक्षा पाण्यावरून जास्त वाद होतात आणि पुण्या-मुंबईच्या नियमावल्या वाचून ते सुटत नाहीत.

उपविधींप्रमाणे पाणीखर्च नळजोडांची संख्या आणि आकार यांवरून वाटायचा. म्हणजे घरात दोन माणसं असोत की आठ, नळ सारखे तर रक्कम सारखी. बंद घरवाले म्हणतात, आम्ही का द्यायचं? मोठ्या कुटुंबाकडं बोट दाखवणारेही असतात. माणशी वाटणी ऐकायला न्याय्य वाटते, पण पाहुणे, परीक्षेला आलेले भाचे, बाळंतपणाला आलेली लेक यांची मोजदाद कोण करणार? आम्ही वर्षभर करून पाहिली आणि सोडून दिली. खरंच बदल हवा असेल तर प्रत्येक जोडाला मीटर. खर्च आणि आकारणीची पद्धत सर्वसाधारण सभेत मंजूर करून, उपविधीत बसवून मगच लावा. आमच्याकडं अजून एकमत झालेलं नाही.

टँकरची नोंदवही मात्र आजपासून सुरू करता येते. रकाने: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, लिटर, टाकीची आधीची आणि नंतरची पातळी, वॉचमनची सही, एका सभासदाची सही. सभासदाची पाळी आठवड्यानं बदलायची. टाकीवर बाहेरून पट्टी रंगवून घ्या, म्हणजे १०,००० लिटरचा टँकर खरंच १०,००० ओततो का, ते डोळ्यानं दिसतं. ठेकेदाराचं बिल आलं की पावत्या आणि वही शेजारी ठेवून दोघांनी टिकमार्क करायची आणि मगच चेकवर सही. त्या १३ फेऱ्यांच्या भांडणानंतर आमच्याकडं हे सुरू झालं. वॉचमनच्या जेवणाच्या वेळी टँकर आणायचा नाही, हेही ठेकेदाराला लिहून दिलं.

निवडणूक

समितीची मुदत पाच वर्षं. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक स्वतः, निवडणूक निर्णय अधिकारी नेमून घेता येते. मोठ्या संस्थांची राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फत होते. मतदार यादी लागली की त्याच दिवशी जाऊन नाव तपासा. समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, आणि नवऱ्यानं आपल्या बायकोचं नाव घालून सभेला स्वतः येऊन बसणं ही आपली जुनी खोड. वहिनींना खुर्चीवर बसू द्या. आमच्याकडं दरपत्रकांत सर्वांत जास्त घासाघीस त्यांनीच केली. निकालावर हरकत असेल तर सहकार न्यायालयात जायला दोनच महिने मिळतात.

जमीन अजून कुणाच्या नावावर?

सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून पहा. इमारत वीस वर्षांची आणि उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव, त्याचेही वारस चार गावांत पांगलेले. आपल्या शहरांच्या वाढत्या कडांवर ही नेहमीची गोष्ट. अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालं नाही तोवर पुनर्विकासाच्या वेळी तुम्ही आपल्याच अंगणात पाहुणे.

बिल्डर करून देत नसेल तर १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या, कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरच्या सहीशिवाय होणारं) जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, सभासदांची यादी, प्रत्येकाचा नोंदणीकृत करार किंवा इंडेक्स टू, मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचा क्षेत्रफळाचा दाखला, जमिनीचे उतारे आणि बिल्डरला पाठवलेल्या नोटिशीची प्रत लागते. भोगवटा प्रमाणपत्र नसलं तर स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करता येतो. निर्णयाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. खरं अवघड काम करार गोळा करण्याचं: कुणाचा बँकेत, कुणाचा गावाकडच्या पेटीत. दोन तरुण सभासदांना हे काम वाटून द्या आणि सुरुवात स्कॅन करण्यापासून करा. आदेश हातात आला की लोक पेढे वाटून थांबतात. थांबू नका, मुद्रांक कार्यालयात दस्ताचा अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क ठरवून घेणं), मग दुय्यम निबंधकाकडं नोंदणी आणि शेवटी फेरफार. उताऱ्यावर सोसायटीचं नाव दिसलं की झालं.

कुठली तक्रार कुठं

आदर्श उपविधींच्या शेवटच्या भागात ही यादीच आहे, तरी थोडक्यात. कागद न देणं, सभा वा निवडणूक न घेणं, सभासदत्व अडवणं: निबंधक कार्यालय. समितीच्या निर्णयाला किंवा आकारणीला आव्हान: कलम ९१ खाली सहकार न्यायालय. जिन्यातलं अतिक्रमण, अनधिकृत बांधकाम, ड्रेनेज: महापालिका. बिल्डरनं ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निघालेले बांधकामातले दोष: लेखी कळवून दुरुस्ती मागा, न केल्यास महारेरा, अर्ज ऑनलाइन होतो. वरच्या मजल्यावरचा खलबत्ता आणि रात्रीची गाणी: आधी दार वाजवा, मग पोलीस.

निबंधक कार्यालयात जाताना अर्जाच्या तीन प्रती न्या आणि पानांना क्रमांक घाला. सोसायटीचा नोंदणी क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा. तो नसला की फाइल शोधण्यातच सकाळ जाते. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक सांगून विचारायला जायचंय.